कलती खाच

सारेमा बेटावर, समुद्राकडे पाठ करून उभ्या शेडमध्ये
हेल्मीला घोडा सापडला.
म्हणजे नुसतं धड:
तीन फळ्या सरसाने जोडून तासलेलं,
पोटाखाली चार खाचा,
त्यांच्या कडेला एवाल्डची शिसपेन्सिल. एक, दोन, तीन.
चौथीवर आकडा घालायचा राहिलेला.

चाळीस वर्षं हेच वाटप.
तो खाचा पाडायचा, ती कुसवं काढायची.
खिडक्या, दारं, चर्चचे बाक,
एकदा भर पावसात एका नावेचं सुकाणू.
खाच त्याची, कुसू तिचं,
आणि बसलं नाही तर भांडण दोघांचं.

इथल्या भाषेत ‘सार’ म्हणजे बेट
आणि ‘सार’ म्हणजेच अ‍ॅशचं झाड.
कुणाचा घोटाळा होत नाही;
बोलणाऱ्याच्या हातात काय आहे त्यावरून कळतं.
हेल्मीच्या हातात पाचर होती.
तिने ओंडका उभा फोडला, करवत न लावता,
पायाला रेषा सलग हवी, नाहीतर
पोर तिसऱ्या दिवशी जमिनीवर.

मग गुण्या लावला पहिल्या खाचेला.
डावीकडे कललेली.
दुसरीला लावला. तीही.
शेवटच्या हिवाळ्यात एवाल्डचा उजवा खांदा वर जात नव्हता,
मोगरी तो नुसत्या कोपरातून मारायचा.
हे तिला माहीत होतं.
लाकडाने ते लिहून ठेवलं असेल, हे माहीत नव्हतं.

दुरुस्ती तशी अवघड नव्हती.
एका भिंतीचं अर्धं सूत सोलायचं,
दुसऱ्या भिंतीला चिपाड चिकटवायचं.
तिने पटाशीला धार लावली,
मनगटावरची लव काढून पाहिली,
आणि पटाशी फळीवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवसापासून ती कुसवंच तिरकी काढू लागली.
पहिलं जरासं, दुसरं त्याहून थोडं,
चौथं तर इतकं वाकडं
की तिच्या बापाने पाहिलं असतं तर कामावरून काढलं असतं.
आत सारायचं, बाहेर काढायचं,
जिथे घासून चकाकलं तिथून एक पापुद्रा,
पुन्हा आत.
असे सहा दिवस, जानेवारीचे,
चारलाच दिवा लावायला लावणारे.

खुंट्या जुनिपरच्या.
कुसवातलं भोक धडातल्या भोकाशी
मुद्दाम केसभर चुकवलेलं.
खुंटी ठोकली की ती वाकते, करकरते,
आणि जाता जाता पायाला धडाकडे ओढून घेते.
मग सरस लागत नाही, खिळा लागत नाही.
थोडी चूक लागते, जागच्या जागी.

चौथी खुंटी टेकली तेव्हा
जुनिपरचा वास शेडभर झाला
आणि हेल्मी मोठ्याने म्हणाली,
‘बसलं बघ.’
मग तिने उगीचच झाडू घेतला,
स्वच्छ असलेला कोपरा झाडला.

खालच्या पट्ट्या वाफेवर वाकवल्या, धनुष्यासारख्या.
एक तडकली. पुन्हा केली.
शेपूट मिह्केलच्या घोडीचं,
दोन सफरचंदांच्या बोलीवर.
डोळे काढले नाहीत,
लाकडातच एक गाठ होती, बऱ्यापैकी जागेवर,
दुसऱ्या बाजूने घोडा आंधळा राहिला.

ईस्टरला तार्तूहून पिरेत आली,
पाच वर्षांची, पुढचा एक दात नसलेली.
बूट न काढताच चढली
आणि अर्धी सकाळ उतरली नाही.
घोडा दर झोक्याला
अंगठ्याच्या नखाएवढा डावीकडे सरकत होता.
चुलीपाशी निघालेला
जेवणाच्या वेळेला टेबलाला येऊन टेकला.

‘आजी, हा खरंच चालतो!’

हेल्मी बटाटे सोलत होती.
तिने हात पुसले,
घोडा उचलून पुन्हा चुलीपाशी ठेवायला वाकली,
थांबली,
आणि टेबल बाजूला सरकवलं.