बाटलीची झाकणं

रुसापेच्या शाळेत गुरुवारी शेवटचा तास
ऐकण्याचा.
वह्या बंद, म्हणतात मुकारोबाई,
आणि कानामागच्या पेन्सिली काढा,
कान मोकळे हवेत.

आधी टेपवर चेलो.
कुणा जर्मन माणसाने तीनशे वर्षांपूर्वी लिहिलेलं,
टेप मधेच पाण्यात बुडून वर येणारी.
मग कोरड्या भोपळ्यात बसवलेली एम्बिरा,
पोलादी पट्ट्यांवर बाईंचे अंगठे,
भोपळ्याच्या काठाला तारेने बांधलेली
कोल्ड्रिंकची अकरा झाकणं
प्रत्येक सुरामागून झणझणत.

कोणतं चांगलं, हे विचारायचं नाही.
विचारायचं, सूर कुठून निघाला,
वाटेत कुणाला भेटला.

मुचानेता म्हणते, चेलो
दवाखान्यात मोठी माणसं बोलतात तसा बोलतो.
गरिकाई म्हणतो, एम्बिरा बोलतच नाही, चालते.
निघाली तिथेच परत येते,
पण येते तेव्हा पाय धुळीने भरलेले.
बाई फळ्यावर यातलं काहीच लिहीत नाहीत.

मागच्या बाकावरून इनोक,
हरारेहून नवा आलेला, कडक इस्त्रीचा,
म्हणतो, बाई, झाकणं काढली तर?
सूर स्वच्छ येईल. चेलोसारखा.

कुणीतरी फिस्सकन हसतं.
बाई ड्रॉवरमधून पक्कड काढतात.
एकेक तार उलगडतात, सावकाश,
तासाची दहा मिनिटं त्यातच जातात.
मग वाजवतात.

स्वच्छ.
खरंच स्वच्छ. धुवून वाळत घातल्यासारखा.
इनोकलाही पुढे काय म्हणावं सुचत नाही.

बाई, चेलो पुन्हा लावता?

या वेळी त्याला ऐकू येतो
तारेवर गजाचा खरखरीत पहिला स्पर्श,
खुर्चीची कुरकुर, आणि दोन ओळींच्या मधे
वाजवणाऱ्याने नाकाने घेतलेला श्वास.
तो मान वर करतो.
बाई, यालाही आहेत.
काय आहेत?
झाकणं.

घंटा झाली. बाकांखाली वाकून
सगळ्यांनी शोधली, तरी दहाच भरली.
बाईंनी दोनदा मोजली
आणि इनोककडे न बघता
दहाच परत बांधली.

घरी जाताना त्याने खिसा हलवून पाहिला.
एकटं झाकण वाजत नव्हतं.
मग त्याने त्यात एक खडा टाकला.