खालच्या मजल्यावरचं व्हार्निश

अलीकडे नाक माझ्याआधी उठतं,
घरभर हिंडून येतं आणि चहाड्या सांगतं:
मोरीतला साबण, तार्वोचे जुने बूट,
परवाच्या सूपमधली शेपूची काडी,
आणि हे आजचं नवं,
गोडसर, चिकट, कपाळात खिळा ठोकणारं,
खालून, फळ्यांच्या फटींतून.

एल्मार जमिनीला व्हार्निश लावतोय.
जानेवारीत!
तार्तूत उणे एकोणीस. नदी गोठली आहे,
एमायोगी, म्हणजे आईनदी,
हा अर्थ मला या महिन्यापर्यंत कधी ऐकू आला नव्हता.
खिडक्यांच्या कडा मीच ऑक्टोबरात
कापूस भरून, वर कागदाची पट्टी चिकटवून बंद केल्या.
केसभर वारा येऊ नये म्हणून,
केवढ्या हौसेने.

मग हिशेब सुरू होतो.
कॅलेंडरवरून बोट मागे मागे जातं.
अकरा डिसेंबर, ओव्हन साफ केला.
तो फवारा, लाल चौकटीत उद्गारचिन्हवाला.
हातमोजे नव्हते. दार लावलेलं. मी गुणगुणत होते.
तेव्हा तू होतंस का?
डॉक्टरीणबाई तर तू नव्हतंस
त्या दिवसापासूनच तुला मोजतात.
अठरा तारखेला न्हाणीघरात क्लोरीन.
बावीसला खुर्चीला निळा रंग,
तीन पाय झाले, चौथ्याला मळमळलं.
तो पाय अजून तसाच आहे. मी त्याच्याकडे बघत नाही.

रात्री विषबाधेच्या मदतक्रमांकावर फोन केला.
पलीकडची बाई काहीतरी चघळत होती.
किती वेळ? किती फवारलं? चक्कर आली होती?
मग म्हणाली, झालं त्याचा घोर नका लावून घेऊ,
आता मात्र त्या वासात बसू नका.
मी विचारलं, खात्री?
ती क्षणभर चघळायची थांबली.
खात्रीचं खातं आमच्याकडे नाही, म्हणाली,
पण प्रेमळपणे म्हणाली.

कोणालाच सांगितलेलं नाही.
तार्वो बोटीवर, शुक्रवारी येईल,
त्याला तोंडासमोर सांगायचंय.
आईला तर तीन महिने होईपर्यंत नाहीच,
तिच्याकडे अशा गोष्टी बोलल्या की उडून जातात.

लोकरीचे मोजे घालून जिना उतरले.
पायरीगणिक एक खोटं तयार केलं:
दमा. अर्धशिशी. माझी मांजर
(मांजर नाही माझ्याकडे).
एल्मारने दार उघडलं, हातात ब्रश,
ब्रशच्या टोकाला मधासारखा थेंब.
आडनाव मला फक्त टपालपेटीवरून माहीत.
आणि तोंडातून निघालं ते
मला दिवस गेलेत.

असं पहिल्यांदा म्हटलं गेलं जगात,
त्या कोंदट दारात, त्या माणसाला.

तो अभिनंदन म्हणाला नाही.
डब्यावर झाकण ठेवलं, टाचेने दाबलं, दोनदा.
मग खिडकीशी गेला
आणि कागदाची पट्टी ओढून काढली,
जखमेवरची काढतात तशी, एका झटक्यात.
कापूस जमिनीवर पडला, ओल्या भागावर चिकटला.
दुसरी खिडकी. तिसरी.
अर्धी जमीन चकाकत होती, अर्धी राखाडी,
आणि कोपऱ्यात एका पलंगाएवढा चौकोन
अजून कोवळ्या लाकडाच्या रंगाचा.
पलंग नव्हता.
हे जानेवारीतच का काढलंस, मी विचारलं नाही.
उरलेलं मे महिन्यात, तो म्हणाला,
आणि ओव्हरकोट चढवून, कानटोपी ओढून
उघड्या खिडकीत स्टुलावर बसला,
जणू ट्राम यायची आहे.
तार्तूत ट्राम नाही.

वर आले. संध्याकाळपर्यंत वास विरला,
आणि त्याच फटींतून त्याची थंडी येऊ लागली,
घोट्यांपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत.
दोन पांघरुणं घेतली. तिसरं तुझ्यावर,
म्हणजे माझ्यावरच.

शुक्रवारी तार्वोला सांगेन.
तो रडेल, मग नाक पुसेल, मग विचारेल,
अजून कोणाला माहीत आहे?
मी जमिनीकडे बोट दाखवेन.