हेल्दुरनं दळून ठेवलेलं

पूर्वी दर बिल्डला ती स्क्रिप्ट
पहिल्या ओळीपासून वाचली जायची,
रोज तीच बाराखडी,
जणू मशीन आजच शाळेत आलंय.
सव्वाचार मिनिटं.
तेवढ्यात हेल्दुर खाली जाऊन सिगारेट ओढून यायचा
आणि एमायोगीवरचा बर्फ कुठवर आला ते सांगायचा.

मग एका मार्चमध्ये त्यानंच ती कंपाइल करून ठेवली.
"कोळून प्यायलेलं रोज काय वाचायचं, उर्वे?"
तेव्हापासून बिल्ड टूल तयार क्लास उचलतं, चालवतं,
शेवटी एकच शब्द छापतं: वाल्मिस. झालं.
अकरा सेकंद.
बर्फाची बातमी बंद पडली.
कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता तो हीउमा बेटावर मेंढ्या पाळतो, फोन उचलत नाही.
त्याच बेटाच्या फेरीबोटीची तिकिटं
आमच्या कोडमधून निघतात,
म्हणजे त्याच्या अकरा सेकंदांतून.

या आठवड्यात ताफ्यात नवी बोट आली.
स्क्रिप्टमध्ये एक नाव वाढवायचं, इतकंच.
सोर्स शोधला. रेपोत नाही. बॅकअपमध्ये नाही.
त्याचा जुना लॅपटॉप भंगारात गेलाय,
पावतीवर सही माझीच.

पिठातून पुन्हा राय उगवत नाही,
तरी मी फाइल उलगडत बसले.
शेरे गेलेले. सगळ्यात आधी तेच जातात,
मशीनला ते कधी ऐकूच आलेले नसतात.
व्हेरिएबलांना तो अळंब्यांची नावं द्यायचा,
आम्ही हसायचो.
तिथं आता नुसते आकडे, एक, दोन, सतरा.
अवतरणचिन्हांतलं तेवढं जसंच्या तसं उरतं.
आणि चौथ्या फंक्शनच्या तळाशी, एका अटीत
(त्याच्या वेळी ती कधी खरी ठरलीच नसावी):
"शुक्रवारी चारनंतर सोडताय?
बोट बुडणार नाही, शनिवार बुडेल. घरी जा."

आज मंगळवार होता.
मी तरी पाच मिनिटं काहीच केलं नाही.

त्याच्या फाइलला हात लावला नाही.
शेजारी माझी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली,
नव्या बोटीचं नाव सांगून
मग त्याची चालवणारी.
ती कंपाइल केलेली नाही.
दर वेळी पहिल्या ओळीपासून वाचली जाते,
शेरे ओलांडत ओलांडत,
चाळीस सेकंद.

तेवढ्यात मी खिडकीशी जाते.
काठांना बर्फ धरलाय.
मधून अजून पाणी वाहतंय,
सांगायला जवळ कुणी नाही, म्हणून
शेऱ्यात लिहून ठेवते.