बाटल्यांवरचं अक्षर

मी तिला भेटलेली नाही.
ट्रॉम्सोच्या धक्क्याला किनाऱ्याची बोट लागते,
खलाशी माझ्या हाती देतो
माशांच्या खोक्यात गुंडाळलेल्या काचेच्या बाटल्या.
दर वीस मैलांना एक लिटर समुद्र.
तेवढीच आमची ओळख.

पहिलीवर अक्षर शाळकरी, गोल:
लिंदेस्नेस, बारा मे, पाणी आठ अंश.
आणि खाली, कुणी विचारलं नसताना:
"तीस वर्षं समुद्राखालच्या बोगद्यांतून बस चालवली.
आज पहिल्यांदा छपरावर आले."
गुन्वोर, वय चौपन्न.

मी पाणी गाळते.
भिंगाखाली ओळीने मोजत जाते,
दोरखंडाचा निळा तंतू,
बोटीच्या रंगाची खपली,
टायरची काळी कणी.
वहीत आकडे भरते. आकड्यांना वास नसतो.

सातवीनंतर अक्षर ढासळलं.
आठाची वरची गाठ मिटेना, उघडीच राहू लागली.
"फोड फुटले. हातांत पायमोजे घातलेत."
स्टाडच्या भूशिराआधी चार दिवस बाटलीच नाही.
मग एक, लेबल भिजून फुगलेलं:
"आडोशाला थांबले. एक म्हातारा म्हणाला,
तुझी घाई समुद्राला कुणी कळवलेली नाही.
कॉफी दिली. पाचव्या दिवशी म्हणाला, आता जा."

सोळाव्या बाटलीवर:
"वल्हवणारा पाठमोरा पुढे जातो.
डोंगर लहान होताना बघते मी,
मोठे होताना कधीच नाही."

मला मात्र वेगळंच दिसू लागलं होतं.
प्रत्येक गाळणीवर एक लाल तंतू.
लोकरीसारखा, पण लोकर नव्हे.
दक्षिणेत लाल, फ्योर्डाच्या तोंडाशी लाल,
जिथे दिव्याखेरीज वस्ती नाही तिथेही लाल.
दोन रात्री मी नकाशावर कारखाना शोधला.
तिसऱ्या रात्री वर्तमानपत्रात तिचा फोटो आला.
चेहरा उन्हाने पुसलेला,
अंगात जाकीट.

कसं लिहायचं हे तिला,
जिच्या तळहातांची सालं निघालीत?
मी बराच वेळ मऊ शब्द धुंडाळले,
मग सरळ लिहिलं:
लाल तू आहेस.

अकरा दिवस काही नाही.

मग वेगा बेटावरून खोकं आलं.
तिथली माणसं रानबदकांसाठी घरं बांधतात, दगडी, बुटकी,
पक्षी पिल्लं घेऊन पाण्यात उतरले
की घरट्यात उरलेली पिसं वेचतात.
"आधी रडले," तिने लिहिलं होतं,
"मग हसले, कारण दोन्ही हात वल्ह्यांत,
नाक पुसायची सोय नाही.
बदकवाली ओस्लाउग म्हणाली, ते जाकीट इथेच टाक.
तिच्या नवऱ्याचा स्वेटर दिलाय,
चार वर्षं कुणी घातला नव्हता.
मेंढीचा वास येतो. त्याचाही थोडा येत असेल.
आधीच्या बाटल्या फेकू नकोस.
माझ्या नावावर मांड."

मी वहीत नवा रकाना आखला:
निळा, काळा, पांढरा, गुन्वोर.

ट्रॉम्सोवरून ती बाहेरच्या बेटांपलीकडून गेली.
दिवसभर धुकं.
मी धक्क्यावर उभी होते,
म्हणजे जेवणाच्या सुट्टीपुरती.

आज एकसष्टावी आली, नॉर्डकापच्या अलीकडची.
अक्षर गोल नाही, पण आठाची गाठ मिटलेली.
फक्त तारीख आणि अंश. बाकी काही नाही.
गाळणीवर दोन निळे, एक काळी कणी,
आणि मेंढीचा एक केस, वळणदार.
तो मोजायचा नसतो.
तरी मी भिंग फिरवत राहिले,
तो वाढत गेला, वाढत गेला,
पार डोंगराच्या कडेएवढा.

हे तिला लिहायला हवं.