बल्खाशकाठी मतदान

हे सरोवर अर्धं गोडं, अर्धं खारं.
ओराझखान म्हणतो, माशाला ती रेघ कळते,
आपल्याला नाही.

चाळीसेक वर्षांमागं इथं वीजघर येणार होतं.
आधी कामगारांच्या चाळी आल्या, शाळा आली,
मग देशच गेला.
उरलेल्या खांबांवर कुरव बसतात,
हजेरी लागल्यासारखे.

आता पुन्हा नकाशे घेऊन माणसं आलीत.
या खेपेला अणू.
धूर नाही म्हणतात, राख नाही,
आणि बोलताना खाकरतात,
तेही अल्माटीचेच,
हिवाळाभर कोळसा गिळणारे.

सासू सेमेयची.
सभेत एवढंच म्हणाली,
आम्हालाही नीट सांगून गेले होते,
घराबाहेर या, पालथे पडा.
नकाशावाला पोरगा लाजला.
"आजी, तो बॉम्ब होता. ही भट्टी."
"असेल बाळा.
अणूला ठाऊक आहे ना?"

नात नाझेरके अल्माटीहून फोन करते.
दोन वाक्यं, मग खोकला,
मग इथली वीज जाते
आणि खोकला तेवढा अंधारात शिल्लक राहतो.

मतदानाच्या सकाळी ओराझखाननं
चुलीत कोळसा सारला, दार ओढलं, निघाला.
कागदावर चौकोन दोनच.
खूण करताना काळा अंगठा
दोन्हींच्या मधोमध टेकला.
पुसायला गेला, तर पसरला.

"काय केलंस?" सासूनं विचारलं.
तो जाळं उलगडत होता.
"पाणी हातभर आत गेलंय," म्हणाला,
"भट्टीला गार ठेवायला
हेच लागणार ना?"