सोळा पानं कमी

वाचनालयातनं पोत्यात घालून आली पुस्तकं,
पंचगंगेच्या पुरात भिजलेली, उन्हात फुगलेली.
त्यात हे एक. कव्हर नाही, नाव नाही,
शेवटचा फर्मा गायब.
मुलांची कादंबरी.
मी मुलांचं कधी वाचत नाही,
शिवायचं तेवढं शिवतो.
पण खळ थंड होईस्तोवर करायचं काय,
म्हणून पान उलटलं.

गाव होतं त्यात. घरं एका उंचीची,
दारं एकाच निळ्या रंगाची,
विहिरीवर रांग, रांगेत भांडण नाही.
कुत्रीसुद्धा पाळीपाळीनं भुंकतात.
कुणी कुणाचं देणं लागत नाही,
आणि जेवायच्या वेळी मैनाच्या घरात
माणसं चार,
पाट पाच.

पाचवा पाट कुणाचा, विचारलं की आई हसते.
अख्खं गाव तसंच हसतं, एकाच मापाचं.
फार विचारणारी पोरं
मामाच्या गावाला जातात.
तिथनं दर महिन्याला खुशालीचं पत्र येतं,
सगळ्यांच्या पत्रातलं अक्षर एकच.

शिवन्या, कुंभाराची, चौथीतली,
शाळा सुटली की गंगावेशीतल्या माझ्या पत्र्याच्या दुकानात
कागदाची कात्रणं गोळा करायला येते.
तिनं माझ्याआधी वाचून काढलं,
पोत्यावर पालथं पडून.
"समद्यांचा मामा एकच कसा वो?"
मी म्हटलं, गोष्ट हाय बाळ.
"मग आपला भैरूकाका?"

भैरू.
तालमीच्या पायरीवर झोपायचा.
रात्री दोनला उठून मॅच सांगायचा,
शाहू स्टेडियमवरची, कुठल्या सालची फायनल देव जाणे.
बॉल डाव्या बगलेला, आला, आला, कट मारला,
आणि बाहेर!
गोल कधी झालाच नाही त्याचा.
एक-एक. कायम एक-एक.
खिडक्या उघडायच्या, शिव्या पडायच्या,
मग कुणीतरी शिव्या देतच
भाकरी घेऊन खाली उतरायचं.

मार्चात सुंदर गल्ली स्पर्धा लागली.
भिंती रंगवल्या, कुंड्या आणल्या,
गटारीवर फरशी, फरशीवर रांगोळी.
मिटिंगमध्ये कुणी वाईट बोललं नाही, खरं सांगतो.
गडहिंग्लजकडं कुठंतरी आश्रम हाय,
बरं बघत्यात म्हणं,
एवढंच झालं, आणि चहा आला.
स्टँडपर्यंत मी गेलो.
पिशवी माझ्या हातात होती,
टॉवेल, दोन केळी, त्याची शिट्टी.
एसटीच्या खिडकीतनं म्हणाला,
"हाफटाइम झाला काय?"
मी म्हटलं, व्हय.

पहिला नंबर आला आमचा.
फलक कोपऱ्यावर आहे. दुकान उघडताना दिसतो,
बंद करताना दिसतो.

"सांगा की. कुठं हाय काका?"
खळ थंड झाली होती, वर साय धरली होती.
तोंडातनं निघालं ते मलाच ऐकू आलं:
मामाच्या गावाला.
ती हसली नाही, रडलीही नाही.
पुस्तक मिटून माझ्याकडं सरकवलं
आणि कात्रणं न घेताच गेली.

मैना शेवटी वेशीपाशी पोचते.
कडी काढते.
छापलेलं शेवटचं वाक्य आहे
तिनं दार उघडलं आणि

पुढं सोळा पानं कमी.
मी सोळा कोरी मोजून शिवली,
लिहायला नव्हे,
पुठ्ठ्यानं तो 'आणि' घासला जाऊ नये म्हणून.

रात्री दोनला जाग येते.
गल्लीत एक कुत्रं नाही.
कुंड्यांना कुणीतरी पाणी घालून गेलंय,
रांगोळीवर एक पाऊल नाही.
उठून बसतो, कान देतो,
एक-एक, म्हणतो, हळू,
म्हणजे मला वाटतं हळू.
बायको कूस बदलते.
झोपा की आता,
समदं ब्येस हाय.