ठोक्यांच्या आडून

तांबट आळीत हळू बोलून भागत नसे.
हाक मारायची तर खांद्यावर थाप,
चहा हवा तर अंगठा ओठाकडे,
आणि भांडण असलं तर जेवायच्या सुट्टीपर्यंत थांबायचं,
दोनच्या आत उरकून घ्यायचं.

बाकीचा दिवस ठण् ठण् ठण्.
खरवईवर घागर पालथी,
दादांचा हात वर, हात खाली,
आणि ओठ हलताहेत.
मला वाटायचं, ठोके मोजतात.
आईला वाटायचं, नामस्मरण.
शेजारचे पोटफोडेकाका म्हणत,
वजनात मारणाऱ्या व्यापाऱ्याला शिव्या घालतोय, दुसरं काय!
चाळीस वर्षं तो माणूस काहीतरी बोलत राहिला
आणि एक अक्षर कुणाच्या कानी गेलं नाही.
एवढी खासगी जागा
नाशकात त्या काळी कलेक्टरलाही नसेल.

मग स्टील आलं, प्लास्टिक आलं, गॅसचा गिझर आला,
बंब भंगारात गेले.
दुकान घेतलं मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका पोरानं,
आणि दादांना मी सिडकोत आणलं, दुसऱ्या मजल्यावर.
सिव्हिलच्या डॉक्टरांनी कागदावर त्यांच्या कानांची रेघ दाखवली,
रामकुंडाच्या पायऱ्यांसारखी उतरत पाण्यात गेलेली.
मशीन दिलं. ते चष्म्याच्या डबीत आहे.

बोलणं मात्र चालूच.
फक्त आता आड ठोके नाहीत.

"काठ जाड राहिला बरं का, त्र्यंबू."
"एकनाथला ते सातशे द्यायला हवे होते.
मागितले नाहीत त्यानं. म्हणून तर द्यायला हवे होते."
"शेवंताला उगाच बोललो त्या दिवशी.
मीठ कमी नव्हतंच."
"चल, आपण घाटावर जाऊ. ऊन उतरलं की आपण जाऊ."

आपण.
हा शब्द मी सातवीला शिकवते,
आत्मवाचक सर्वनाम, फळ्यावर लिहून मोकळी होते.
एकट्यालाही चालतो, दोघांनाही चालतो,
एवढं पुस्तकात आहे.
साडेपाचला खिडकीशी एक म्हातारा
स्वतःचाच हात हातात धरून
निघायच्या तयारीत बसतो, हे नाही.

समोरच्या अहिरेवहिनींनी विचारलं,
दादा फोनवर कुणाशी बोलतात हो एवढं?
मी म्हटलं, भावाशी.
एकनाथकाका जाऊन अकरा वर्षं झाली.

आणि मी तरी काय,
द्वारकेच्या सिग्नलला हेल्मेटच्या आत
मुख्याध्यापिकाबाईंना रोज चोख उत्तर देते,
समोर सुचलं नव्हतं ते.
शेजारच्या रिक्षावाल्याचेही ओठ हलत असतात.
वरून उड्डाणपुलाची घरघर, खाली ट्रक,
आडोशाला आवाज भरपूर.
उत्तर नको असतं तेव्हाच माणूस असं बोलतो,
अशी माझी समजूत होती.

परवा कुकर लावत होते.
मागून ऐकलं,
"कुमुद हल्ली बोलत नाही, त्र्यंबू.
आपलंच काही चुकलं असेल."

मी तर बोलतच होते.
गोळी घेतली का, भाजी कोणती करू,
आज कॉपीत सापडलेला पोरगा कसा रडला,
सगळं, ओट्याकडे तोंड करून,
सहा वर्षं.

माळ्यावरची घागर काढली. त्यांच्या हातची,
कित्येक दिवसांत चिंच न लागलेली, काळवंडलेली.
त्यांच्या मांडीत दिली,
तळवा तिच्या पोटावर टेकवला
आणि लाटण्यानं ठोकली.
एक. दोन. तीन.

वाक्य अर्धं टाकून ते थांबले.
"तिसरा वाकडा पडला," म्हणाले,
माझ्याकडे नाही, घागरीकडे बघत.
मग खिडकीकडे वळून, नेहमीच्या त्या आवाजात,
"बसेल हात. पोरगी आहे आपली."

हे काही मला सांगितलेलं नव्हतं.
कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.